कापडावर ठेवलेला डबा

थाई माणसं फार हसतमुख असतात असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांना एकदा त्यांच्याशी भांडायला पाठवा. समोरच्याचा आवाज चढला की माणसाला पुढची वाट सापडते. थाई माणसाचा आवाज चढतच नाही. तुम्ही भिंतीवर डोकं आपटताय आणि भिंत हसतेय, असं होतं.

संघमित्राला विचारा. ती उत्तर नागपूरची, आता अमेरिकेत, शुगर लँडला राहते, डायलिसिसच्या सेंटरमध्ये नर्स आहे. नवरा प्रफुल्ल तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी हर्षिता सहावीत. आम्हा जयभीमवाल्यांचं इथे स्वतःचं विहार नाही. जयंती कुणाच्या तरी भाड्याच्या हॉलमध्ये, पावसाळ्यातला वर्षावास कुणाच्या तरी बेसमेंटमध्येही नाही, कारण टेक्सासात बेसमेंटच नसतात. मग पाऊण तास ड्राइव्ह करून थाई विहारात जायचं. रोज वंदना होते असं ठिकाण तेवढंच एक.

पहिल्याच दिवशी तिथे अंगणात गणपती दिसला. चांगला पुरुषभर उंच, गुलाबी, पुढ्यात लाल सरबताची बाटली. गणपतीला देव मानणार नाही ह्यासकट बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई दारातच थबकली. शेजारच्या हेमचंद्र काकांना, म्हणजे हृदयाच्या रिटायर्ड डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद!

"बघ संघमित्रा, आमचा बाप्पा तुमच्या आधी पोचला."

"काका, तो बाहेर वॉचमन आहे. आत बुद्ध आहे."

तोंडाला तोंड ती अशी देते. पण आत गेल्यावर डब्यात काड्या हलवून भविष्य काढणाऱ्या पोरी बसलेल्या. गुडघे दुखतात म्हणून तिनं बुद्धाकडे पाय पसरले, तर एका म्हातारीनं हसत हसत तिच्या पायांवर शाल टाकली. थंडी वाजू नये म्हणून टाकली असं संघमित्राला वाटलं. ती तीनदा थँक्यू म्हणाली. बुद्धाकडे पाय करायचे नसतात, म्हणून ते झाकायचे होते, हे तिला पुढे महिन्याभरानं कळलं.

ते सांगितलं पी ऑयनं. पी म्हणजे ताई. ऑय म्हणजे ऊस. शुगर लँडची ऊसताई, असा प्रफुल्लचा विनोद. पी ऑय साठीची, बुटकी, विहाराचं सगळं किचन तिच्या हातात. एका जयंतीला आम्ही तिच्याकडे हॉल मागितला. "यस यस, कॅन." आम्ही साउंड सिस्टिम घेऊन पोचलो तर हॉलमध्ये मुलींचा नाचाचा क्लास. मी तापलो. "तुम्ही हो म्हणाला होतात!" पी ऑय म्हणाली, "तुम्ही इतके खूश होता. मी नाही कसं म्हणणार?" आता ह्यावर काय बोलायचं? बरं, अर्ध्या तासात त्याच मुलींनी आमच्या खुर्च्या लावल्या, बाबासाहेबांच्या फोटोला स्वतःच्या केसांतली फुलं वाहिली, आणि शंभर माणसांना नूडल्स वाढले. चिडायचं की पाया पडायचं, समजेना.

असं तीन वर्षं चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात संघमित्राची आई नागपूरला वारली.

व्हिसाचे कागद अडकलेले. वकील म्हणाला, गेलात तर परत येण्याची खात्री नाही. आईचा अंत्यविधी तिनं किचनच्या ओट्याला टेकून फोनवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं. आईचं एकच मागणं होतं, आजारपणात बोललेलं: "तिथं विहार हाय ना गं? मग माझ्या नावानं भोजनदान दे. तुझ्या हातानं, भन्तेजींच्या हातात."

आईचा हा हाताचा आग्रह उगीच नव्हता. उमरेडकडच्या गावात ती पोर असताना किराण्याला जायची, तर दुकानदार मीठमिरची हातात देत नसे. पदर पसर म्हणायचा आणि वरून टाकायचा. पुढे धम्म घेतल्यावर, नागपूरला आल्यावर, भन्तेजींनी पात्र पुढे केलं आणि तिनं स्वतःच्या हातानं वाढलं, तो दिवस ती लग्नापेक्षा मोठा सांगायची.

रविवारी संघमित्रानं पहाटे उठून पाटवडीचा रस्सा केला. आईच्या हातचा असायचा तसा, तिखटजाळ. स्टीलच्या डब्यात भरला. आजवर सगळ्यांचे डबे किचनच्या टेबलावर जात, पुढे पुरुष उचलून भिक्खूंसमोर मांडत. हातानं द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्या दिवशी पी ऑयनं तिला पुढे बसवलं, आईच्या नावाचं दान म्हणून. मी मागच्या रांगेत होतो.

मोठे भन्तेजी, त्यांना तिथे लुआंग फो म्हणतात, आले आणि बसले. संघमित्रा गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, दोन्ही हातांनी डबा उचलला. त्यांनी हात पुढे केला नाही. बाजूचं पिवळं कापड उचललं, समोर जमिनीवर पसरलं, त्याची कड बोटांनी धरली आणि हसले.

"पुट हिअर," पी ऑय कुजबुजली.

"हातात का नाही?"

"यू आर लेडी."

"तूसुद्धा कापडावर ठेवतेस?"

"मी पण."

"आणि ह्यांची आई आली तर?"

"आई पण!" पी ऑय अशा आवाजात म्हणाली, जशी काही गोड बातमी देतेय.

माझ्या डोक्यात एकच शब्द पेटला, आणि तो इथे लागू नव्हता. ह्या भिक्खूला आमची जात माहीत असायचं कारण नाही. बँकॉकच्या डॉक्टरीणबाईलाही तेच कापड आहे. हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. पण बुद्धीला कळलं म्हणून पाठीच्या कण्याला कळत नाही. संघमित्राची मान ताठ झाली ती मला मागून दिसत होती.

"मम्मी, इट्स जस्ट अ क्लॉथ," हर्षिता म्हणाली.

प्रफुल्लनं हात लांब केला. "दे इकडे, मी देतो. बारा वाजत आले."

बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. म्हणजे बारा वाजले की आईचं दान गेलं. अख्खा हॉल उपाशी बसलेला, लहान पोरं चुळबुळतायत, आणि एकाही माणसाच्या कपाळावर आठी नाही. कुणी एक शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

"हात लावू नकोस डब्याला," संघमित्रा नवऱ्याला म्हणाली. "तुझी आई असती तर दे म्हटलं असतं. ही माझी आई आहे."

डबा तिच्या हातात तसाच अधांतरी. आधीच गरम, त्यात जड.  तेव्हा पी ऑय सरकत तिच्या शेजारी आली आणि तिनं तिच्या कोपराला हात लावला. पी ऑयच्या खांद्याला मागच्या म्हातारीनं, म्हातारीच्या पाठीला तिच्या सुनेनं. बघता बघता बायकांची रांगच लागली, प्रत्येकीचा हात पुढचीच्या अंगावर. दान देताना असं जोडून घ्यायची त्यांची रीतच आहे. मला तेव्हा ठाऊक नव्हती, संघमित्रालाही नव्हती. तिनं वळून ती रांग पाहिली. इतक्या बाया आपल्या आईसाठी हात लावून बसल्यात म्हटल्यावर तिचा ताठा ढिला झाला.

"ठेवते," ती म्हणाली. "पण हे मला मान्य नाही. सांग त्यांना. आत्ता सांग."

पी ऑयनं हात जोडले आणि थाईत बरंच काही सांगितलं. लुआंग फोंचं हसू मावळलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. डबा कापडावर टेकला. त्यांनी रस्सा खाल्ला, ठसका लागला, तरी खाल्ला.

नंतर किचनमध्ये संघमित्रानं पी ऑयला गाठलं. "काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, तिला आईची आठवण येते."

"मी असं म्हणाले नव्हते!"

"नो," पी ऑय हसली. "बट ट्रू."

गाडीत बसल्यावर संघमित्रानं स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि माझ्याकडे वळली. "लहूदादा, खोटं बोलली असती तर सोडलं नसतं तिला मी. खरं बोलून तोंड दाबलं हो माझं."

त्यानंतर तिनं एक काम केलं. थाई सामानाच्या दुकानात कोथिंबीर घ्यायला जायची, तिथल्या काउंटरवरच्या पोरीकडून तिनं एक वाक्य लिहून न घेता पाठ केलं: छन माय योम रप. मला मान्य नाही. आधी पी ऑयकडेच ते वाक्य मागून पाहिलं होतं, तिनं हसून आंबा कापून दिला. मग कामावर जाताना, सिग्नलला, पार्किंगमध्ये, संघमित्राचं तेच चालू. प्रफुल्ल वैतागला. "एका कापडासाठी भाषा शिकतेस?"

"कापडासाठी नाही. मी बोललेय हे भन्तेजींना कळावं म्हणून."

मग एका रविवारी ती पुन्हा पाटवडीचा डबा घेऊन पुढे बसली. लुआंग फोंनी कापड पसरलं. तिनं डबा मांडीवर ठेवला, हात जोडले आणि ते वाक्य म्हटलं. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

 लुआंग फोंनी तिच्याकडे पाहिलं. हसले नाहीत. एकच शब्द बोलले.

"काय म्हणाले?" तिनं पी ऑयला विचारलं.

"ठाऊक आहे म्हणाले."

ती थांबली. आपण थांबतो तशी, की ह्यापुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. कापड पसरलेलं होतं, कड बोटांत होती.

"ठाऊक तर त्या किराणा दुकानदारालाही होतं," ती मराठीत म्हणाली. त्याचं कुणी भाषांतर करायचा प्रश्नच नव्हता. तिनं डबा उचलला आणि उठून किचनमध्ये गेली. आईचं दान त्या दिवशी बुद्धाच्या समोरून परत फिरलं. मी तिच्या मागे गेलो. 

भिक्खूंचं जेवण झाल्यावर बाया जेवतात, त्या लांब टेबलावर तिनं डबा ठेवून झाकण काढलं. "घ्या. हे तुमच्यासाठी. हातानं वाढते." म्हातारी पहिली आली, ताट पुढे करून. पळी तिच्या ताटात रिकामी करताना संघमित्राच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटानं म्हणे.

पी ऑय मागून आली. कपाळावर तिच्या आठी होती. तीन वर्षांत मी पहिल्यांदा पाहिली.

"तू चुकीचं बोललीस," ती म्हणाली.

"चुकीचं म्हणजे? तुमच्याच दुकानातल्या पोरीनं शिकवलंय."

"शब्द बरोबर. पण तू परवानगी मागतेस असं वाटलं. असं नाही बोलायचं."

"मग कसं?"

पी ऑयनं ओला हात ॲप्रनला पुसला. इकडेतिकडे पाहिलं. मग ते वाक्य म्हणाली. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, "माय"वर, म्हणजे "नाही"वर, जोर देऊन. मला मान्य नाही.

 सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या. मधलं दार उघडंच होतं आणि पलीकडे लुआंग फो अजून बसलेले होते. पी ऑयचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती हसली नाही.

"असं," ती म्हणाली, आणि संघमित्रासमोर आपलं ताट धरलं.