पिंडावरची कॅलेंडुला

आधी चहा संपवा, मग सांगतो. मध्येच हसू आलं तर ठसका लागेल. सख्ख्या भावाच्या दहाव्याला, भरल्या भावकीत, माझ्याइतकी शोभा कुणी करून घेतली नसेल!

रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झालो. शिफ्ट सुटली आणि हात शिवशिवायला लागले. कोलाडच्या एका नर्सरीवाल्यानं कॅलेंडुलाचं, म्हणजे विलायती झेंडूचं, बी दिलं. बी कसलं, वाळक्या अळ्याच त्या!

"थंडीत पेरा काका. जेवढी फुलं कापाल तेवढी जास्त येतील. आणि पाकळ्या खातात पण हां."

हे शेवटचं वाक्य त्यानं मला सांगायला नको होतं.

भात कापून झाल्यावर आमच्या कासू गावातल्या घराच्या परसात वाफे केले, बी पेरलं. दोन महिन्यांत परसदार पिवळंधमक! अर्धी फुलं कापून पेणच्या बाजारात, अर्धी आमच्या ताटात. भातात पाकळ्या, आमटीत पाकळ्या, भाकरीत पाकळ्या. बायको वैतागली.

"फुलं देवाला घालतात, नायतर मढ्याला. आमी यातलं कोन?"

खायचा फक्त दादा. माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, मला त्यानंच वाढवलं. आता तो अंथरुणाला खिळला होता. मऊ भातावर पाकळ्या पेरून मी रोज ताट घेऊन त्याच्या खोलीत जायचो.

"ठेव बाळ्या, नि जा तू. मी सावकाश खातो."

अर्ध्या तासानं ताट लख्ख! दादाचं उदाहरण देऊन देऊन मी घरात सगळ्यांना जेरीस आणलं.

एके सकाळी त्यानं खिडकीतून वाफ्याकडे बोट केलं. "बाळ्या, ती फुलं..." म्हणाला. पुढचे शब्द आलेच नाहीत. दादा गेला.

मी लहान पोरासारखा रडलो. जाताना माणसाला माझी फुलं आठवली! आता तुम्हीच सांगा, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

दहाव्याला रोह्याला नदीवर गेलो. वहिनीही हट्टानं आली. भाताच्या पिंडावर मी ओंजळभर पाकळ्या रचल्या. भटजी बघतच राहिले.

"हे काय?"

"त्याची शेवटची इच्छा," मी म्हणालो.

कावळे नव्हते असं नाही हो! समोरच्या झाडावर सहा होते. एक खाली उतरला, पिंडाजवळ आला, मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला. पिंडाला चोच लागली नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. ऊन तापलं. भावकी कुजबुजायला लागली.

पुतण्यानं हात जोडले. "बाबा, आयला अंतर देनार नाय."

कावळा हलेना.

"शेत इकनार नाय!"

छे! मग मी पुढे झालो. "दादा, काळजी करू नको! ही फुलं दरवर्षी लावीन. तुझ्या दर श्राद्धाला जेवणात घालीन!"

उरलेले कावळेसुद्धा पलीकडच्या काठावर गेले.

तेव्हा वहिनी उठली. पदराची गाठ सोडून तिनं माझ्यासमोर धरली. आत मूठभर सुकलेल्या पाकळ्या, भाताची शितं चिकटलेल्या.

"भावजी, ह्यांची गादी उचलली तवा खाली गावल्या. एकेक येचून काढायचे नि गादीखाली सारायचे. मी बोलले, सांगा की भावजींना. तर म्हनायचे, 'नको गो, पोराला वाईट वाटंल.' मी आजपन बोलनार नव्हते. पन ते उपाशी जातील ना!"

मी पिंडासमोर बसलो आणि एकेक पाकळी वेचायला लागलो. शिताला चिकटलेली पाकळी सहज सुटत नव्हती. अंथरुणावर पडून दादानं हे रोज केलं, माझ्यासाठी. मला फार लाज वाटली.

मी बाजूला होतो न होतो तोच कावळा आला. एक पाकळी माझ्याकडून राहिली होती. ती त्यानं चोचीनं उचलून बाजूला टाकली आणि मग पिंड खाल्ला. कुणीतरी फिसकन हसलं. वहिनीच होती ती, डोळ्याला पदर लावून.

दादा सुटला. पण माझ्या हातच्या जेवणाला तोंडावर 'नको' म्हणायला त्याला आधी मरावं लागलं!