दोन नऊला उजवं वळण

शिवणबाई गाडी चालवायला शिकल्या त्या एकोणसाठाव्या वर्षी, आणि तेही नाइलाजाने.

मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं. घरचे, दारचे, शाळेचे शिपाईसुद्धा त्यांना शिवणबाईच म्हणायचे. त्यांचे यजमान रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी ते ओव्हरसियरच. आयुष्यभर त्यांनी रस्ते मोजले, खांब रोवले, कुठे किती खडी लागेल ते सांगितलं. घरची जुनी छोटी गाडी तेच चालवायचे. बाई शेजारी बसून मटार सोलायच्या, नाहीतर झोपायच्या.

मग ओव्हरसियरांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं. उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, बाकी सगळं धुक्यात. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी दोघं रिक्षाने घरी आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवणारा मास्तर शेवटी हात टेकून म्हणाला होता, "बाई, स्टिअरिंग पळून जाणार नाही, जरा सैल धरा." पण बाईंची पकड काही सैल झाली नाही. दोन्ही हात घट्ट, मान पुढे, जीव मुठीत. तरी गाडी चालायला लागली. महिन्यातून दोनदा डोळ्यांचं हॉस्पिटल, आठवड्यातून दोनदा बाजार.

त्या गाडीचं मीटर स्टिअरिंगच्या मागे नव्हतं, डॅशबोर्डच्या मधोमध होतं. वर वेगाचा काटा, खाली एकूण किलोमीटरचे आकडे, आणि त्याखाली छोटे आकडे, जे बटण दाबलं की शून्यावर येतात. ओव्हरसियरांनी या छोट्या आकड्यांतून आपला रस्ता परत मिळवला होता. पुलाच्या सुरुवातीला लोखंडी सांधा होता. चाकं त्यावरून गेली की धाडकन आवाज यायचा. तो आला की त्यांचा हात पुढे जायचा आणि बटण दाबलं जायचं. मग थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, "किती झाले?"

"एक चार," बाई म्हणायच्या.

"म्हणजे पाण्याची टाकी. डावीकडे शाळेची भिंत. सांभाळ, इथे पोरं धावत येतात."

आणि खरंच टाकी असायची, भिंत असायची. बाईंनाच कधी कधी नवल वाटायचं की दोघांपैकी नक्की कोणाला दिसतंय.

एके दिवशी आकडे थांबले. छोटे दोन सातवर अडकले, मोठेही जागचे हलेनात. वेगाचा काटा मात्र छान हलत होता. बाईंनी ते पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. हॉस्पिटलातून नुकतीच वाईट बातमी घेऊन निघाले होते, औषधाचा उपयोग होत नव्हता. त्यात आणखी हे कशाला सांगायचं? "किती झाले?" असं त्यांनी विचारलं की बाई अंदाजाने ठोकून द्यायच्या. चार फेऱ्या निभावलं. पाचव्या फेरीला ओव्हरसियर म्हणाले, "अगं, दोन सहाला उजवं वळण कसं आलं? वळण दोन नऊला आहे. तीनशे मीटर रस्ता काय खात्याने परत नेला?"

बाईंनी कबूल केलं. ते हसले, पण त्यानंतर गाडीत गप्प बसायला लागले. हात मांडीवर, तोंड खिडकीकडे, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

बाईंनी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या मेकॅनिकने केबल काढली, पुसली, ग्रीस लावून परत बसवली. आकडे ढिम्म. मग नवी केबल टाकली. आकडे तरीही ढिम्म. "जुनी गाडी आहे, बाई. आकड्यांशिवाय काय अडतंय तुमचं?" तो म्हणाला. चौकशा करत करत चार महिन्यांनी बाईंना मीटरवाला सापडला.

त्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. भिंतीवर जुन्या गाड्यांची मीटरं टांगलेली. मीटरवाला जाड चष्म्याचा, चाळिशीचा, बोलायला गोड. ओव्हरसियरांना त्याने स्टुलावर बसवलं आणि बाईंना पहिलाच प्रश्न केला, "काकू, काटा हलतो ना?"

"हलतो."

"मग केबलचा काय दोष? गिअरबॉक्सपासून काट्यापर्यंत केबल फिरतेच आहे. दुखणं मीटरच्या पोटात आहे."

त्याने चार स्क्रू काढले, मागून केबल सोडवली आणि मीटर बाहेर काढून टेबलावर पालथं घातलं. आत बोटाच्या नखाएवढं प्लॅस्टिकचं दातेरी चाक होतं. त्याने ते चिमट्याने उचलून उजेडात धरलं. तीन दाते गायब. मीटर हळूच हलवलं तशी तुटलेल्या दात्यांची कणी कागदावर पडली.

"हे चाक फिरलं की मोठे आकडेही फिरतात आणि छोटेही. उन्हाने चाक तडकतं, पण इथे तडा नाही, दाते मोडलेत. काकू, चालत्या गाडीत ते शून्य करायचं बटण दाबतं का कोणी? चाक फिरत असताना दाबलं की सगळा जोर दात्यांवर येतो."

स्टुलाकडे न बघता बाई म्हणाल्या, "मीच दाबते. मला काय ठाऊक असं होतं ते."

"खोटं बोलतेय ती," ओव्हरसियर शांतपणे म्हणाले. "तिचे दोन्ही हात स्टिअरिंगला शिवलेले असतात. नाकावर माशी बसली तरी हात सोडत नाही, बटण कसलं दाबते? मी दाबतो."

मीटरवाला हसला. मग ओव्हरसियरांना दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि चिमटा खाली ठेवून तो म्हणाला, "का दाबता, काका?"

ओव्हरसियरांनी सांगितलं. पुलाचा सांधा, पाण्याची टाकी, वळण. "काय आहे, बाळ, आकडा कळला की मला रस्ता दिसतो. नाहीतर मी नुसता गाडीत ठेवलेला असतो, सामानासारखा."

बाई पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

मीटरवाल्याने डब्यामागून डबे उपसले. सातव्या डब्यात त्याच जातीचं चाक मिळालं. ते बसवून त्याने मीटरला केबलचा तुकडा जोडला आणि दुसरं टोक ड्रिल मशीनला लावून फिरवलं. काटा वर चढला आणि छोटे आकडे सरकायला लागले. "सरकतायत, काका," तो म्हणाला. ओव्हरसियरांनी बोट पुढे केलं. काचेला अलगद बोट लावून ते ती थरथर बराच वेळ ऐकत बसले.

"बंद असताना गाडी किती चालली असेल?" मीटरवाल्याने विचारलं.

"पाचशे आठ," ओव्हरसियर लगेच म्हणाले. "हॉस्पिटलच्या आठ फेऱ्या, बावीसप्रमाणे. बाजार सतरा आठवडे, आठवड्याला बारा. आणि एकदा हिच्या बहिणीकडे, जाऊन येऊन एकशे अठ्ठावीस. शिवाय ही वळण चुकून पुढे जाते आणि परत येते, त्याचे बावीस धरा. पाचशे तीस."

"बावीस काही नसतील हं," बाई म्हणाल्या.

"मी कमीच धरलेत."

मीटरवाल्याने आकड्यांना हात लावला नाही. "मी आकडे फिरवत नाही, काका. पुढेही नाही आणि मागेही नाही." त्याने एका चिठ्ठीवर मीटर किती महिने बंद होतं ते आणि पाचशे तीस असं लिहून, मीटर परत बसवताना, ती गाडीच्या दाराच्या आतल्या कडेला चिकटवली. निघताना बजावलं, "बटण गाडी उभी असतानाच दाबायचं. हे चाक गेलं तर दुसरं मिळेलच असं नाही."

परतीच्या वाटेवर ओव्हरसियर हाताची घडी घालून बसले. मीटर चालू होतं, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही. पूल जवळ आला. पुलावर चढण्याआधी डाव्या हाताला गाडी उभी करण्यापुरती जागा होती, पण ती चढावर. चढावर थांबायचं म्हटलं की बाईंना घाम फुटायचा. गाडी मागे घरंगळते, बंद पडते, मागचे हॉर्न मारतात. आजवर त्यांनी तिथे कधी गाडी थांबवली नव्हती.

आज त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"काय झालं?" ओव्हरसियरांनी दचकून विचारलं.

"पूल आलाय. दाबा."

त्यांचा हात पुढे झाला, बोटांनी चाचपत बटण शोधलं आणि दाबलं.

निघताना व्हायचं तेच झालं. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा मागे सरकली. मागून ट्रकने हॉर्न दिला आणि बाईंनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. ओव्हरसियरांनी आयुष्यभर हाच चढ चढला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. क्लच थोडा सोड. इंजिनचा आवाज जड होतो का बघ... अजून थोडा... हां, झाला. आता ब्रेक सोड." गाडी थरथरली, एक हिसका बसला आणि ती वर चढली. सांध्यावरून धाडकन आवाज आला.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"शून्य एक!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

त्यानंतर त्यांचं तसंच ठरून गेलं. पुलापाशी, चौकात आणि हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, अशी तीन ठिकाणी गाडी थांबते. लेक फोनवर म्हणते की असं रस्त्यात थांबणं धोक्याचं आहे. बाई हो म्हणतात आणि थांबतात. डोळ्यांत सुधारणा नाही, डॉक्टरांनी आता तशी आशाही दाखवलेली नाही. पण गाडीत पुन्हा बोलणं सुरू झालंय, कधी कधी भांडणही.

परवाच बाईंनी आकडा सांगितला तसे ओव्हरसियर म्हणाले, "तीन दोन. लाकडाची वखार."

"वखार पाडली हो. मोकळी जागा आहे आता. एक बाई तारेवर चादरी वाळत घालतेय."

"कुठल्या रंगाच्या?"

बाईंनी गाडीचा वेग कमी केला आणि नीट बघायला लागल्या.