हमीचं दावं

सरपंचांनी गुराचं दावं माझ्या पायाशी टाकलं. म्हणाले, "नवऱ्याला आणतीस व्हय? मग कसा बांधशील, त्ये बांधून दाखीव."

चावडीत वीसेक माणसं. मी वाकले. दावं उचललं, खांबाला आवळलं, गाठ मारली. सगळे फिदीफिदी हसले. मी गाठ पक्की बसली का तेही ओढून पाहिलं. त्या ओढून पाहण्याची लाज मला अजून जाळते.

नवरा चार वर्षं शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात होता. कानात माणसं बोलतात म्हणायचा. आता शांत होता. डॉक्टर सोडायला तयार, पण गावाची हमी हवी. सरपंचांनी सही दिली, वर लिहिलं: बांधून ठेवण्याच्या अटीवर.

आमचं जामखेडकडचं कोरडं रान. दिवाळी सरली की श्रीरामपूरकडं ऊसतोडीला जायचं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. गडी तोडतो, बाई मोळी बांधते. तो आत गेल्यापासून मी अर्धा कोयता. दिराच्या मागं फरफटत जाणारी.

इस्पितळात त्याला बाहेर आणलं. मला पाहून हसला आणि दोन्ही मनगटं जुळवून पुढं धरली. शिपाई म्हणाला, "बांधून घ्यायची सवय लागलीय त्याला."

माझं डोकं सणकलं. खांबाची गाठ आठवली. मी याच मनगटांसाठी मारली होती ती.

डॉक्टर कागद वाचत होते. मी म्हटलं, "सायब, त्यात लिवलंय तसं मी करनार न्हाई. बांधनार न्हाई."

"मग जबाबदारी कोणाची?"

"माजी. अंगठा घ्या."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग शाई पुढं सरकवली.

त्या हंगामात आमचा कोयता उलटा. मी तोडायची, तो मोळ्या बांधायचा. टोळीतले चिडवायचे, "लुगडं नेसव की त्येला!" पण त्याच्या गोळीची आठवणही तेच करायचे. मधेच तो फडात उभा राहून वाऱ्याशी बोलायचा. तेव्हा शेजारचा गडी मुकाट्यानं त्याच्या मोळ्या बांधून टाकायचा. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. माणसांत होता.

पुढल्या साली दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर तो एकदा ओरडत सुटला. कुणाला बोटही लावलं नाही. तरी सरपंच धावत आले. "परत धाड त्येला. न्हाईतर दावं काढ."

तेच दावं माझ्या कमरेला होतं. चावडीतून घरी आणलेलं, पुढं सरपण बांधायला ठेवलेलं. मी ते सोडून त्यांच्यापुढं धरलं.

"घ्या. आदी माजं हात बांदा. मग त्येला हात लावा."

त्यांनी घेतलं नाही. मी सोडलं, दावं त्यांच्या पायाशी पडलं. सगळे बघत होते, बाई आता उचलते की काय.

मी वाकले नाही. वाकणारही नाही.