उशीवाल्यांचं मांजर

"लोकांच्या झोपा मी भरतो, माझी मात्र पाकिटातून येते," असं उशीवाले एकदा म्हणाले होते.

पाकीट म्हणजे खाजेच्या गोळ्यांचं. दुकानाच्या मागच्या खोलीत ते पिसं आणि कापूस खोळीत भरत. खिडकी बंद ठेवावी लागे, नाहीतर धंदाच उडून जायचा. उन्हाच्या पट्ट्यात पिसं खाली यायचं विसरून जात. बारीक धूळ मानेवर, कोपराच्या खळीत बसे आणि अंग पेटून उठे. मग एक गोळी. हळूहळू खाज मागे सरके, पापण्यांवर काहीतरी ऊबदार येऊन बसे, आणि भरलेल्या उशांच्या ढिगाला टेकून ते पाण्यावर असल्यासारखे डुलत. बायको त्या गोळीला मांजर म्हणे. "आलं वाटतं मांजर मांडीवर! मग जेवायला हाक मारण्यात अर्थ नाही."

इतक्या वर्षांत त्या गोळीला घरात कुणी औषध म्हटलंच नव्हतं. औषध आजारावर असतं. खाज हा काही आजार नव्हता, ती कामाचीच सावली होती.

मग हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पिसांचं पोतंसुद्धा उचलवेना, आणि आधीच एकदा तारीख हुकली होती. सकाळी उपाशीपोटी ते हॉस्पिटलच्या खाटेवर बसले. चादरीला कडक साबणाचा वास होता. मान खाजू लागली. बायको कागद द्यायला नोंदणीच्या खिडकीवर गेली तशी त्यांनी एक गोळी कोरडीच गिळली, मग आणखी एक. भिंतीचा हिरवा रंग पातळ होत गेला.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. "काही औषधं चालू आहेत?"

"छे."

परत आलेल्या बायकोनं त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "अहो, इकडे बघा. मांजर आलंय?"

"घरात मांजर आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घरात नाही हो, यांच्या खिशात."

बायकोनं भर बाजारात खोळ उसवली असावी तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तारीख पुन्हा जाणार, हे दोघांनाही कळलं होतं. तिनं त्यांच्या खिशातून पाकीट काढून डॉक्टरबाईंना दिलं.

"आज घेतली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन," ते पुटपुटले.

"ही झोप आणणारी गोळी आहे. तिच्यावर माझी भूल चढली तर श्वास मंदावू शकतो, जाग यायलाही उशीर होतो. खाजेच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात. पण खाजेची, सर्दीची, दुकानातून स्वतः आणलेली, जी घेता ती मला सांगायची."

"म्हणजे बंदच करू?"

"मनानं बंदही करायची नाही, विचारायचं. आज ऑपरेशन नको. गुंगी उतरेपर्यंत इथेच पडा. नवी तारीख देते, येताना पाकीट आणा."

"भूल द्यायच्या आधीच भूल केलीत," बायको म्हणाली. हसली, पण तिचा तळवा त्यांच्या छातीवर होता, आणि ती वरखाली होते आहे ना, हे पाहत होता.

ते झोपले. स्वप्नात कुणीतरी एक अफाट खोळ त्यांच्या श्वासानं भरत होतं, आणि ती भरत नव्हती.

दुपारी जाग आली. डॉक्टरबाईंनी तपासून पाकीट बायकोकडे परत दिलं आणि घरी जायला सांगितलं. खाटेवरच्या उशीत कापसाचे गोळे झाले होते. त्यांनी ती उचलली, कोपरे धरून झटकली, आतला कापूस बोटांनी मोकळा केला आणि नीट ठेवली.

"रागावलात?" बायकोनं विचारलं.

त्यांनी तिच्या हातातलं पाकीट घेतलं. ते खिशाकडे गेलं नाही. नव्या तारखेच्या चिठ्ठीशेजारी फाइलीत सरकवून त्यांनी फाइल तिच्या हातात दिली आणि बाहेर पडले.