वॉल्व्हला बांधलेली किल्ली

मिस्त्रीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण तेव्हा बोटी परत यायच्या आणि इंजिनं गरम असायची. गार इंजिन धुण्यात अर्थ नसतो. गरम असेल तरच पाणी सगळ्या नळ्यांतून फिरतं. तो इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा वॉल्व्ह बंद करायचा, पंपाची नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडायचा आणि मागे धुराबरोबर पडणारं पाणी बोटावर घेऊन चाखायचा. खारटपणा जाईपर्यंत पिंपावर पिंप. शेवटी सायलेन्सरच्या डब्याचं खालचं बूच काढून डबा रिकामा करायचा. डोकं फळीखाली, सगळा भार एका कोपरावर. हे काम बसून होत नाही आणि उभ्यानंही होत नाही.

"लोकांच्या बायका तान्ह्यांना न्हाऊ घालतात," बायको म्हणायची, "आमच्याकडे नवरा इंजिनांना घालतो. आता पावडर तेवढी लावायची राहिली."

गोदीत त्याला गाळणी म्हणत. पंपाच्या तोंडाची गाळणी तो न चुकता साफ करायचा म्हणून, आणि दुसऱ्याचं काम गाळून बघायचा म्हणूनही. त्याची एक पद्धत सगळ्या गोदीने उचलली होती. बोट सोडताना वॉल्व्ह बंद करायचा आणि चालू करायची किल्ली त्याच वॉल्व्हच्या दांड्याला बांधायची. किल्ली घ्यायला हात गेला की वॉल्व्ह उघडायची आठवण होणारच. पाण्यावाचून इंजिन जळायची भीती नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने पगारातून साठवलेल्या पैशांत एक जुनी बोट घेतली आणि तिचं इंजिन उलगडून पुन्हा बांधलं. बोट लेकीसाठी. सरकारी पाहणीत पास झाली तर पलीकडच्या काठाची प्रवासी फेरी लेकीला मिळणार होती. नाही तर दुसरा मालक टपून बसलेलाच होता. उरलेले पैसे त्याने बाकांसाठी आणि छतासाठी बाजूला ठेवले.

पाहणीला आठवडा होता तेव्हा त्याने सगळी यंत्रणा धुतली, डबा रिकामा केला, किल्ली बांधली आणि डिझेलचा फिल्टर बदलला. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि ती असेपर्यंत इंजिन धरत नाही. ती काढायला पाना आणावा म्हणून तो धक्क्याची पायरी चढला आणि शेवाळावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर घालून त्याला घरी आणलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर टाकलं. दुसरा मजला. खाली गोदी, आणि गोदीच्या पार टोकाला लेकीची बोट.

"इंजिनाला हात लावू नका," त्याने सगळ्यांना कारण न देता सांगितलं. "मी सांगेन तेव्हा."

पण पाहणीचे साहेब तीन दिवस आधीच उगवले. लेक त्यांना आणायला पलीकडच्या काठावर गेली आणि तिथून तिने नवऱ्याला फोन केला, "बाबांना उठवू नका, रात्रभर त्यांचा डोळा लागलेला नाही. त्यांनी नको म्हटलंय, पण आता इलाज नाही, तुम्ही तेवढं इंजिन गरम करून ठेवा."

जावई गुणी माणूस. दुकानात हिशेब बघायचा, सुट्टीच्या दिवशी बोटीवर राबायचा. मिस्त्रीने लेकीला सगळं शिकवलं होतं. जावयाला मात्र अर्धंच. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला तेलकट फळीखाली कसं घालायचं? किल्ली कुठे आणि वॉल्व्ह का, एवढंच सांगितलं होतं.

मिस्त्री जागा झाला तो स्टार्टरच्या आवाजाने. घर्रर्र, घर्रर्र. इंजिन धरत नव्हतं.

"अगं, कोण आहे बोटीवर?"

"जावईबापू. साहेब येतायत आज," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"थांबव त्यांना! फोन लाव!"

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. खाली जावयाने सदरा काढून धक्क्यावर ठेवला होता, फोन त्याच्याच खिशात असणार. पुन्हा घर्रर्र.

"अहो, होईल सुरू. एवढं काय?"

"सुरू होत नाही तेच तर! स्टार्टर फिरला की पंप समुद्राचं पाणी ओढतो. ते डब्यात जाऊन बसतं. इंजिन चालू असलं की धूर त्याला बाहेर ढकलतो. आता धूर कुठाय? डबा भरला की पाणी उलटं इंजिनात चढणार आणि आतला दांडाच मोडणार. जा, वॉल्व्ह बंद करायला सांग!"

बायको पदर खोचून निघाली. तिचे गुडघे कामातून गेलेले, जिना अरुंद. मिस्त्री खिडकीतून ओरडला. धक्क्यावर बर्फाची गाडी उतरत होती, तिच्यापुढे त्याचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. त्याने कठड्यावर तांब्या आपटला. कोणी वर पाहिलं नाही. उशीवर डोकं टाकून तो ऐकत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. प्रत्येक घर्रर्रला डब्यात किती चढलं असेल ते त्याला फळीखाली असल्यासारखं दिसत होतं. आवाज जड होत गेला.

बायको बर्फाच्या गाडीपर्यंत पोचली असेल, तेवढ्यात इंजिन धरलं. ती तिथेच थांबली आणि वळून तिने खिडकीकडे हात हलवला. झालं की सुरू!

मग धाड असा एकच आवाज आला. त्यानंतर काही नाही.

तासाभराने लेक साहेबांना घेऊन आली. साहेबांनी बोट नुसती बाहेरून पाहिली आणि ते दुसऱ्या मालकाच्या बोटीकडे गेले.

दुपारी जावई वर आला. अंगाला डिझेलचा वास. खाटेपाशी उभाच राहिला.

"मामा, मी आधी वॉल्व्ह उघडला होता," तो म्हणाला. "किल्ली सोडायच्या आधी."

"बरोबर केलंत तुम्ही."

"मग चुकलं कुठे?"

मिस्त्रीला सांगता आलं असतं. दोन-तीनदा फिरवून धरलं नाही, तर वॉल्व्ह परत बंद करून डबा रिकामा करायचा. पण त्याच्या हातचं इंजिन कधी तिसऱ्यांदा फिरवावं लागलंच नव्हतं, म्हणून ही अर्धी गोष्ट किल्लीसोबत बांधायचं त्याला सुचलं नव्हतं.

"बसा," तो म्हणाला. "पाणी प्या आधी."

लेक दारातून दोघांकडे बघत होती. मग तिने आत जाऊन दोघांची पानं वाढायला घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.

फेरी त्या दुसऱ्या मालकाला मिळाली. लेक आता त्याच्याच बोटीवर पगारी चालक आहे. बाकांसाठी आणि छतासाठी ठेवलेल्या पैशांतून एक नवा कनेक्टिंग रॉड आला, गास्केटचा संच आला, आणि बंद बोट धक्क्यावरून मागच्या चिखलापर्यंत ओढत नेणाऱ्याचं भाडं भागलं.