समासातला हशा

स्त्राहिल बोयनोवला उभा बल्गेरिया ओळखतो. त्याच्या सिनेमांतली वाक्यं लोक लग्नात म्हणतात, टॅक्सीवाले त्याची नक्कल करतात, आणि एका खाणावळीच्या मालकाने तर तो बसायचा ती खुर्चीच भिंतीला टांगून ठेवली आहे. नेव्याना राशेवाला मात्र कुणी ओळखत नाही. डॅन्यूबकाठच्या आमच्या नाटकघरात रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा आहे, वर लाकडी टोपी आहे. त्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवण्यात तिची एकोणचाळीस वर्षं गेली. तिथून नटांचे बूट दिसतात, गुडघे दिसतात, आणि कोण घाबरलंय ते पोटऱ्यांवरून कळतं. प्रॉम्प्टरचं नाव निघतं ते कुणी अडखळलं तरच, आणि तेही शिवीसकट.

पण तिला तिच्या कामाचा अभिमान होता. संहिता छापील असते, प्रयोग छापील नसतो. नट पदरची वाक्यं घालतात, एखाद्या रात्री जमलेली गंमत दुसऱ्या रात्री विसरतात आणि वर प्रॉम्प्टरकडेच रागाने बघतात. म्हणून नेव्याना आपल्या संहितेच्या वहीत, समासात, सगळं टिपून ठेवायची. कोणतं वाक्य घातलं, कुणाकडे बघून घातलं, हशा कुठे आला, किती टिकला. पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून हे लागतं. बारीक, सरळ अक्षर, कडक पेन्सिल, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख. तिची वही बघून नवखा नटसुद्धा मुरलेल्या नटाची भूमिका करू शकला असता.

स्त्राहिलचा बाप बोटीवर कोळसा ओढायचा. पोरगा अठराव्या वर्षी नाटकघरात खिळे ठोकायला लागला, विसाव्या वर्षी रंगमंचावर उभा राहिला आणि तिसाव्या वर्षी सोफियाच्या सिनेमावाल्यांनी त्याला उचलला. पहिल्याच मोठ्या सिनेमात तो नावाडी होता. बायका त्याचा फोटो स्वयंपाकघरात लावायच्या आणि नवरे काही बोलायचे नाहीत. पण दर हिवाळ्यात तो परत यायचा, कारण नाटकाशिवाय त्याला चैन पडत नसे. नेव्यानाला तो नेवे म्हणायचा. प्रयोग संपला की टोपीवर बुटाचं टोक दोनदा वाजवायचा, म्हणजे आभार. तिला तेवढं पुरायचं.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्यांचं एक जुनं विनोदी नाटक चालू होतं. स्त्राहिल खाणावळवाला, आणि दोब्री शिकेरोव त्याचा नोकर. दोब्री शांत, सरळ नट. स्त्राहिलचा जिवाभावाचा मित्र. दोब्री भांडं घेऊन येतो, स्त्राहिल झाकण उघडून बघतो आणि म्हणतो, अजून शिजलं नाही. संहितेत एवढंच होतं. त्या हिवाळ्यात शहरात कांदा मिळत नव्हता, मटण तर लोक चित्रात बघत होते. एका रात्री स्त्राहिलने भांड्यात बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “भांडं रिकामं आहे. पण झाकण बघा, झाकण काय ऐटीत बसवलंय.” आणि सावकाश मान वर करून डावीकडच्या बॉक्सकडे बघितलं. तिथे कम्युनिस्ट पक्षाची जिल्ह्यातली मोठी माणसं बसली होती.

नेव्यानाने टिपलं. बारा जानेवारी. डावीकडच्या बॉक्सकडे बघतो. हशा. थांबतात. पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. पुढच्या सहा प्रयोगांतही त्याने ते वाक्य घेतलं, आणि सहाही वेळा तिने तारखेसकट टिपलं. वाक्यात काय आग आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही, तीही खड्ड्यात तोंड दाबून हसली होती. पण खड्ड्यात बसल्यावर तिच्यासाठी ते फक्त वाक्य होतं, आणि पुढच्या वाक्याआधी चार सेकंद थांबायचं होतं.

मार्चमध्ये संस्कृती खात्याचा म्हणून एक माणूस आला. गोड बोलणारा. चांगल्या नाटकांच्या प्रती जपून ठेवायच्या आहेत, तुमचं काम फार टापटीप आहे असं ऐकलं, म्हणाला. पंधरा वर्षांत तिची वही कुणी मागितली नव्हती. ती धावत वर गेली आणि कपाटाचं कुलूप उघडून वही घेऊन आली. त्याने समासाचं नावही काढलं नव्हतं. तिनेच पानं उलटून दाखवली, वही त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, “छापलेलं काय, कुणीही वाचेल. खरा प्रयोग इथे आहे.” हे वाक्य पुढे तिने स्वतःला कधी विसरू दिलं नाही.

दहा दिवसांनी सगळ्या मंडळींना सभागृहात बोलावलं. एका माणसाने टंकलेला कागद वाचायला घेतला. सात तारखा. डावीकडच्या बॉक्सकडे बघतो. हशा. थांबतात. पुन्हा हशा. एकदा झालं असतं तर जीभ घसरली म्हणता आलं असतं. सात वेळा कुणाची जीभ घसरत नाही. नेव्याना शेवटच्या रांगेत बसली होती आणि तिचे स्वतःचे शब्द तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होते. स्त्राहिल वाचणाऱ्याकडे बघतच नव्हता. तो आपल्याच माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होता, एकेक करून.

त्याच्या तयार सिनेमावरचं त्याचं नाव पुसलं गेलं. त्याला एका साखर कारखान्याच्या क्लबात कामगारांची नाटकं बसवायला पाठवलं, आणि तिथे त्याची अकरा वर्षं गेली. त्याच एप्रिलमध्ये सोफियाच्या पुढच्या सिनेमातली स्त्राहिलची भूमिका दोब्रीला मिळाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. भांडं हातात धरून रोज शेजारी कोण उभा होता? दोब्री. फायदा कुणाचा झाला? दोब्रीचा. झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त रंगपटात त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच्या नामदिनाला, म्हणजे घर पाहुण्यांनी भरायच्या दिवशी, बायकोने केलेलं जेवण दोघांनीच खाल्लं.

आणि नेव्याना गप्प राहिली. पहिल्या दिवशी भीती होती, घरी लकवा झालेली आई होती. दुसऱ्या दिवशी लाज होती. महिन्याभराने तर बोलायला जागाच उरली नाही, कारण तोवर दोब्रीच चुगलखोर ठरून गेला होता. मी तिची बाजू घेत नाही. तीही घेत नसे.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, प्रयोगानंतर दोब्री खड्ड्याच्या तोंडाशी उकिडवा बसला. तोवर त्याच्या वाट्याला दारवान आणि टपालवाले एवढेच उरले होते. त्याने विचारलं, “नेवे, तू खाली सगळं ऐकत असतेस. मी कधी कुणाला काही सांगेन असं वाटतं तुला?” ती म्हणाली, नाही वाटत. “मग एखाद्या दिवशी वर येऊन सांग ना,” तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरोखरची विनंती होती. ती वर आली नाही.

राज्य बदललं. त्याआधीच स्त्राहिल परत आला होता. आता तर त्याला डोक्यावर घेतलं. पदकं, मुलाखती, नव्या सिनेमांत म्हाताऱ्याच्या भूमिका. दोब्रीबरोबर रंगमंचावर पाय ठेवणार नाही, एवढीच त्याची अट. दोब्रीने राजीनामा दिला. पासष्टी उलटल्यावर स्त्राहिलला वाक्यं आठवेनाशी झाली आणि नेव्यानाशिवाय त्याचा एक अंक पार होईना. ओठ न हलवता, श्वासाएवढ्या आवाजात, ती त्याला अख्खं नाटक भरवायची. वर्तमानपत्रं त्याच्या विरामांचं कौतुक करत होती. ते विराम म्हणजे तो ऐकत असायचा.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी, दोब्री गेला. वर्षभर अंथरुणावर होता. आमच्याकडे नट गेला की त्याला आधी नाटकघराच्या दालनात ठेवतात. लोक सम संख्येने फुलं वाहतात, आणि शवपेटी दाराबाहेर निघताना टाळ्या वाजवतात. शेवटच्या. दालन मिळालं नाही, तर त्या माणसाची सगळी वर्षं नाटकघराने नाकारली असा अर्थ होतो. दोब्रीची मुलगी यानिता दालन मागायला आली. संचालकाने स्त्राहिलला विचारलं. स्त्राहिल म्हणाला, तो दारातून आत आला तर मी त्याच दारातून बाहेर जाईन, आणि पुन्हा येणार नाही. संचालकाने यानिताला सांगितलं की दालनाची रंगरंगोटी चालली आहे. ती रंगाचा वाससुद्धा नसलेल्या दालनातून चालत बाहेर गेली.

शनिवारी दुपारी नेव्याना स्त्राहिलच्या घरी गेली. तो दह्याचं सूप खात होता. ती बसली नाही. वही, तो गोड बोलणारा माणूस, समास, सगळं तिने उभ्याउभ्या सांगितलं. चोवीस वर्षं साठलेलं बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग म्हणाली, “तू सांगितलंस तर दालन मिळेल. दफन उद्या आहे, अजून रात्र आहे मध्ये.”

स्त्राहिलने चमचा पुसून बाजूला ठेवला. “मला माहीत आहे,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली उघडल्या तेव्हा माझी बघून आलो. तुझीच पानं आहेत त्यात. तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय?”

तिला कळेना, तिने विचारलंच. माहीत होतं, तर दोब्री वर्षभर पडून होता तेव्हा हा गेला का नाही?

“गेलो असतो तर तुझं नाव सांगावं लागलं असतं,” तो म्हणाला. “मग लोकांनी तुला त्या खड्ड्यात बसू दिलं असतं का? दोब्रीवाचून माझं काही अडत नव्हतं, नेवे. तुझ्यावाचून माझं पान हलत नाही.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “उद्या अकराचा प्रयोग आहे. दुसऱ्या अंकात मला जरा लवकर दे.”

दोब्रीचं दफनही रविवारी अकरालाच होतं. नेव्याना नाटकघरात गेली नाही. प्रयोगाचं काय झालं ते सगळ्या शहराला माहीत आहे. दुसऱ्या अंकात स्त्राहिल बोयनोव भरल्या सभागृहासमोर गप्प उभा राहिला, लोकांना आधी तो विरामच वाटला, आणि मग पडदा पाडावा लागला. तिने नंतर त्याची चौकशी केली नाही.

दफनभूमीत नऊ माणसं होती. यानिता, शेजारपाजारचे काही, आणि नाटकघरातले तीन म्हातारे पडदेवाले. ते रीत म्हणून आले होते आणि टोप्या हातात घेऊन जरा लांब उभे होते. पाद्र्याचं वाचन झालं. पेटीवर वाइन ओतली. यानिता कागदी पेल्यांतून मृताच्या नावाने शिजवलेले गोड गहू वाटायला निघाली, तेव्हा नेव्याना पुढे झाली आणि बोलली. मोठ्याने. जन्मभर कुजबुजलेल्या बाईचा आवाज चिरकाच निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला. दोब्रीने कुणालाही काही सांगितलं नाही. वही माझी होती. मी दिली, स्वतःहून उघडून दिली. आणि स्त्राहिललाही वर्षभर हे माहीत होतं.

यानिताच्या हातातला पेला तसाच राहिला. “शेवटचा महिनाभर,” ती म्हणाली, “दाराची घंटा वाजली की बाबा विचारायचे, स्त्राहिल आला का म्हणून. मी सांगायची, नाही, टपालवाला आहे.”

बोलण्यासारखं होतं ते नेव्याना बोलून चुकली होती, आणि ते चोवीस वर्षं उशिरा आलं होतं.

तेवढ्यात मागे एका पडदेवाल्याने टोपी काखेत धरली आणि टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. तिघे पेटीजवळ आले. शेजारणींनी हातमोजे काढले आणि त्याही वाजवू लागल्या, पाद्रीसुद्धा. एवढ्या थोड्या माणसांच्या टाळ्या उघड्यावर फार बारीक वाजतात, पण कुणी थांबलं नाही. यानिता रडत रडत वाजवत होती. नेव्यानाने हात वर केले.

“तुम्ही नाही, नेव्याना मावशी,” यानिता हळूच म्हणाली. तिने वाजवणं थांबवलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता.

नेव्यानाने हात खाली घेतले आणि टाळ्या संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.