पाण्याची चूल

सास्तुरातल्या वीरप्पा वाण्याच्या बायकोला, नागम्माला, कधी काम सांगावं लागलं नाही. कामच तिला घाबरून असायचं. पहाटेच्या जात्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ही बाई बसलेली कुणी पाहिली नाही. आणि दुसरं कुणी बसलेलं तिला खपायचंही नाही. हा तिचा गुणच, त्यात वाद नाही. पण एवढ्या कर्तबगार बाईनं जन्मात एक चूक केली, आणि ती मात्र तिला पुसता आली नाही.

तिची धाकटी जाऊ शरणम्मा, म्हणजे दीर सोमलिंगची बायको. माहेर अक्कलकोटाकडं, निजामाच्या सरहद्दीपलीकडं, त्यामुळं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. लग्न होऊन आली तेव्हा चांगली हसरी होती. चार वर्षं गेली आणि पोरीला काय झालं देव जाणे! मूल दगावलं नाही, नवरा हात उगारत नाही, जोंधळ्याचं पेव भरलेलं. आणि ही आपली भिंतीकडं तोंड करून पडलेली. दारात नुसती वहाण वाजली तरी छाती धरायची. "अक्का, कायतरी वाईट हुणार हाय," म्हणायची. काय होणार, असं विचारलं तर सांगता यायचं नाही.

नागम्माला आधी रागच आला. "काय कमी हाय गं तुला? थेरं हायती सगळी!" असं ती आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. मग अंगारा झाला, ताईत झाला, मठात जाऊन पाया पडणं झालं. एकदा वेणी घालताना शरणम्मा हळूच म्हणाली, "अक्का, उठू वाटत न्हाय असं न्हाय हो. उठायचं कशासाठी, त्येच घावत न्हाय." नागम्माला तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं. तिनं वेणी जरा जोरातच ओढली.

एक काम मात्र शरणम्मा चुकवत नव्हती. न्हाणीजवळची पाण्याची चूल. घर वीरशैवाचं, अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जायचा नाही, म्हणून पहाटे पाणी तापलंच पाहिजे. रात्री निखारे राखेत पुरायचे आणि पहाटे फुंकून जागे करायचे, हे धाकट्या सुनेकडं. त्यात महायुद्धाचे दिवस, काडीपेटी नजरेला पडेना. कोंबडा आरवला की समोरची कडूबाई अर्धी गोवरी घेऊन दारात हजर. धनगराची म्हातारी, एकटीच राहायची.

"शरणे, उठलीस का गं माय? इस्तू दे. चूल गार पडलीया माजी."

अशी हाक आली की शरणम्मा भिंतीला धरून का होईना, उठायची. चूल फुंकायची, गोवरीवर निखारा ठेवायची, म्हातारीशी दोन शब्द बोलायची. एकदा उठली की पाणी तापायचं, पाणी तापलं की अंघोळ व्हायची, मग पूजा, आणि एखाद्या दिवशी चार भाकरीसुद्धा थापायची. दुपारी पुन्हा पडायची, ते खरं. पण सकाळ तिच्या हातची असायची.

एका थंडीत नागम्मा लवकर न्हाणीकडं आली, तर शरणम्मा चुलीपुढं कापत बसलेली, डोळ्यांतून पाणी चाललेलं. धूर की रडू, कळेना. नागम्माचं काळीज हललं. बाई तोंडानं फटकळ, पण वाईट नव्हती हो! त्याच आठवड्यात सोलापूरहून दुकानात माल आला, त्यात काड्यापेट्या होत्या. नागम्मानं एक उचलली आणि पहाटे कडूबाईच्या हातावर ठेवली.

"कडूमावशी, आता रोज हिची झोप मोडायला येऊ नका. आराम पडू द्या बिचारीला." मग जावेकडं वळून म्हणाली, "पाण्याचं मी बघते. तू नीज खुशाल."

कडूबाईनं पेटीकडं पाहिलं, शरणम्माकडं पाहिलं आणि गोवरी तशीच घेऊन ती माघारी वळली. वाण्याच्या मालकिणीपुढं ती काय बोलणार?

शरणम्मा निजली. नागम्माला बरं वाटलं. आराम लागू पडतोय म्हणाली. आठवड्यानं ती केस विंचरेना. पंधरवड्यानं अंघोळ सुटली, आणि अंघोळ नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे जेवण नाही. महिन्याभरानं तिचा भाऊ ईरण्णा गाडी घेऊन आला आणि तिला उचलूनच गाडीत घातलं.

गाडी वेशीबाहेर गेल्यावर कडूबाई नागम्माला आपल्या घरात घेऊन गेली. गाडग्याखालचं फडकं सोडलं. आत चार काड्यापेट्या, न फोडलेल्या.

"माजा ल्योक गिरणीत हाय सोलापुरात. त्यो धाडतो. मला कुटं इस्तू पायजे हुता, नागम्माबाई? पोरगी उठावी म्हून यायची म्या."

"मग बोलला का न्हाई?" नागम्मा ओरडलीच.

"तुमी येऊ नका म्हणला. तुमच्या दारात कशी येऊ?"

नागम्मानं दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपायला हवी होती. नाही जुंपली. मोठ्या जावेनं धाकटीपुढं जाऊन चूक कबूल करायची, हे तिच्या घशाखाली उतरेना. आज जाऊ, सुगी झाल्यावर जाऊ. सोमलिंग दोनदा जाऊन हात हलवत आला. पाणी आतल्या चुलीवर तापू लागलं. जागा अडते म्हणून नागम्मानं न्हाणीजवळची चूल मोडली आणि तिथं हरभऱ्याची पोती रचली. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, सरहद्दीवरच्या वाटा बंद पडल्या. त्याच काळात कडूबाई गेली. आता नागम्माला जावंसं वाटायचं, रोज वाटायचं, आणि जाता येत नव्हतं.

भादव्यात फौज आली, निजामशाही संपली, वाटा मोकळ्या झाल्या. दसरा होताच नागम्मा निघाली. ओच्यात अर्धी गोवरी बांधली होती. गाडीवान हसला, तरी तिनं ती टाकली नाही.

ईरण्णाच्या घरी माजघरात शरणम्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. पार वाळली होती. नागम्मा उंबऱ्यात उभी राहिली.

"शरणे, उठलीस का गं? इस्तू दे. चूल गार पडलीया माजी."

पाठ हलली. शरणम्मा कोपरावर उठली, वळली, गोवरीकडं बघत राहिली.

"अक्का, हितली चूल वैनीची हाय," शरणम्मा म्हणाली. "मी कुठनं देऊ?"

"मग घरी चल. तितली दे. चुकलं गं माझं, लई चुकलं."

"माझी चूल हाय का तितं?"

खोटं बोलायचं नागम्माच्या मनात आलं, पण समोरचे डोळे बघून बोलवेना.

"नवी घालते. माझ्या हातानं घालते," ती म्हणाली.

"घाला आधी," म्हणून शरणम्मा पुन्हा भिंतीकडं वळली.

नागम्मानं घरी येऊन पोती ओढली, माती कालवली, चूल घातली आणि लगेच निरोप धाडला. मग दुसरा धाडला, तिसरा धाडला. पुढच्या पावसाळ्यात ईरण्णाचाच निरोप आला, शरणम्मा गेल्याचा. बारीक तापाचं निमित्त झालं होतं. तेव्हापासून नागम्मा त्या चुलीत रोज रात्री निखारे पुरते आणि पहाटे फुंकून जागे करते. विस्तव मागायला कुणी येत नाही. काड्यापेट्या आता घरोघरी आहेत.